हवा मानवणं

कॅटलॉगात त्याच्या नावापुढे तीन तारे होते,
सुवर्णपदक, आणि ऑरेगनमधल्या मळ्यातला फोटो:
वरच्या पाकळ्या विझत आलेल्या धुराच्या,
खालच्या जांभळ्या, जवळजवळ काळ्याच,
मधोमध केशरी दाढी.
नाव ‘लेट फेरी’.
शेवटची होडी! फुलाला असं नाव कोण ठेवतं?
त्या नावासाठीच मी पैसे भरले.

दोन गड्डे मागवले.
एक मला, इथे टेक्ससच्या टोकाला, बोमाँटला.
एक क्लेमान्सला, जी लग्न करून नॉर्थ डकोटात गेली,
जिथे, आई म्हणायची, गायीसुद्धा कोट घालतात.

पहिल्याच जूनमध्ये तिचं पत्र: सात फुलं.
चार महिने बर्फाखाली, वजा तीस अंशांत,
वर गवत पसरायचंही ती विसरली होती.

माझ्याकडे पानं.
दुसऱ्या वर्षी पानं, तलवारीसारखी,
लढाई मात्र कुठेच नाही.
तिसऱ्या वर्षी त्याला इथलं पाणी लागलं.
बोटाने दाबलं तर गड्डा लोण्यासारखा, वास गटाराचा.
सडकं चमच्याने खरवडून काढलं,
उरलेलं उन्हात ठेवलं
(आमचं ऊनही ओलंच असतं)
आणि वाळूच्या उंचवट्यावर पुन्हा लावलं.

मळेवाल्या होल्टना फोन केला.
“थंडी पडते का तुमच्याकडे?”
“डिसेंबरात एखादा स्वेटर काढतो कपाटातून.”
ते जरा वेळ गप्प.
“परीक्षक चौदा बागांत फिरले होते,” म्हणाले.
“चौदातली एक तरी आखाताच्या काठी होती?”
“नाही, मॅडम.”

तेव्हापासून जानेवारीच्या रात्री
मी बर्फाचे ट्रे नेऊन त्याच्याभोवती ओतायची.
विल्मर खिडकीतून बघायचा.
“नाव मोठं…” म्हणायचा आणि म्हण अर्धी सोडायचा.
त्याचा जीव सत्सुमाच्या झाडात,
आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेल्या,
दर नोव्हेंबरला बादल्या भरून संत्री देणाऱ्या.
कुंपणापलीकडच्या डबक्यात
रानातले निळे आयरिस गुडघाभर पाण्यात उभे,
बिनदाढीचे, बिनपदकाचे,
दर मार्चला फुलायचे.
मी तिकडे बघत नसे.

मग तो फेब्रुवारी आला.
तीन रात्री वीज नाही, नळ फुटले,
आम्ही बूट घालून झोपलो.
क्लेमान्स फोनवर आधी हसली,
मग एकदम हळू आवाजात म्हणाली,
“ओडील, त्याच्या अंगावर अजून एक पांघरूण घाल.”

एप्रिलमध्ये, अकराव्या वर्षी,
पानांतून एक जाड देठ वर आला. पाच कळ्या.
एका सकाळी दार उघडलं तर उमललेलं:
फोटोपेक्षा फिकट,
एक पाकळी गोगलगायीने खाल्लेली,
आणि वास, ज्याबद्दल कॅटलॉगात एक अक्षर नव्हतं,
द्राक्षाच्या सरबताचा.

त्याच आठवड्यात विल्मरने सत्सुमा कापला.
महिनाभर नखाने साल खरवडत होता,
खाली कुठे हिरवं दिसतंय का म्हणून.
करवत थांबली की
मला फुलाकडे बघायची लाज वाटायची.
दुपारी तो आला, टोपीतला भुसा झटकला,
वाकून नीट पाहिलं.
“शेवटी मानवलं त्याला,” म्हणाला.
कुणाला काय मानवलं ते मी विचारलं नाही.

पाची फुलं मिळून नऊ दिवस.

या जानेवारीत पुन्हा खिडक्या उघड्या, डास.
रात्री फ्रीझर उघडला तर ट्रे रिकामे.
बाहेर वाळूच्या उंचवट्यावर
तो गुडघे टेकून बसला होता,
टॉर्च तोंडात धरून.
मी दारातच थांबले.
टॉर्च काढून म्हणाला,
“दोन खडे ठेवलेत. तुझ्या चहासाठी.”